थोरलीच्या कॉलरमधला ‘म’

"कागद घट्ट धर. हलला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"धरलाय. तू पेन्सिल आडवी कर. टोकानं नाही, कडेनं घास."

"मला शिकवू नकोस. माझं नावच पेन्सिल आहे."

खरं तर तिचं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या हजेरीपटातच राहायचं. उंच, काटकुळी आणि कानावर कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून मावसभावानं ठेवलेलं हे नाव तिला असं चिकटलं की मावशीसुद्धा जेवायच्या वेळी "पेन्सिल, ताटं घे" म्हणायची. मावसभाऊ स्वतः तेरा वर्षांचा होता. कोणी "आज ऊन आहे" म्हटलं तरी तो "पुरावा काय?" विचारायचा, म्हणून तो प्रोफेसर. त्याची नऊ वर्षांची बहीण म्हणजे भोंगा. ती कुजबुजली तरी फाटकापर्यंत ऐकू जायचं. सध्या तिला पायवाटेवर पहाऱ्याला उभं केलं होतं, कारण कोणी आलंच तर तिला वेगळी शिट्टी लागत नव्हती.

जागा होती जुन्या राजवाड्याची मागची बाग. राजवाड्यात आता राजा राहत नव्हता, संग्रहालय होतं. मावशी तिथे जुने कपडे दुरुस्त करायची, त्यामुळे सुट्टीत या तिघांना सगळीकडे फिरायची मोकळीक होती. बागेच्या कोपऱ्यात, एका वाकड्या झाडाखाली, गुडघ्याएवढा एक दगड उभा होता. सगळे त्याला दाईचा दगड म्हणत. संग्रहालयाच्या यादीतही क्रमांकाशिवाय ‘दगड, दाईचा, एक’ एवढीच ओळ होती. कुठल्या तरी राजपुत्राला सांभाळणारी दाई असेल, एवढंच सगळे धरून चालले होते.

पेन्सिल गेले आठ दिवस रोज दुपारी त्या दगडापाशी येऊन बसायची. तिथे तिला कोणी काही विचारत नसे. आणि आज सकाळी तिनं व्यवस्थापकसाहेबांना माळीकाकांशी बोलताना ऐकलं होतं. "उद्या अकरा वाजता तो दाईचा दगड उपटून टाका. शनिवारी नवं दालन उघडतंय, तिथे तिकीटखिडकी येणार आहे."

उपटणार तर उपटणार, पण निदान त्यावर काय लिहिलंय ते तरी आपल्याकडे राहू दे, असं तिच्या मनात आलं. म्हणून हा कागद आणि ही घासाघीस.

कागदावर राखाडी रंग पसरत गेला आणि मधोमध पांढरी अक्षरं उमटू लागली. दगड इतका झिजला होता की नुसत्या डोळ्यांनी धड काही कळत नव्हतं. कागदावर मात्र अक्षरं उतरली.

प्रोफेसरनं कागद उजेडात धरला. "दा... ई. बरोबर आहे. दाई."

"नीट बघ," पेन्सिल म्हणाली. "द ला काना दिला तर दांडी किती?"

"एक."

"इथे दोन आहेत. एक अक्षराची आणि एक कान्याची."

प्रोफेसरनं बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच पुरावा मागायचा विसरला. "हा द नाहीच. हा त आहे. ताई!"

"काय? काय? ताई?" भोंगा पहारा सोडून धावत आली. झाडावरचे दोन कावळे उडाले.

पेन्सिल त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. गेल्या वर्षी याच दिवसांत तिची स्वतःची ताई आजारी पडली आणि सात आठवड्यांनी गेली. सोळा वर्षांची होती. तेव्हापासून घर इतकं गप्प झालं होतं की भांडं पडलं तरी तिघंही दचकायचे. म्हणून तर आईबाबांनी तिला सुट्टीत इथे पाठवलं होतं. आल्या दिवशी मावशीनं भोंग्याला सांगितलं, "हिला ताई म्हण, मोठी आहे तुझ्यापेक्षा." त्यावर पेन्सिल एवढंच म्हणाली होती, "मला ताई नका म्हणू." नंतर कोणी म्हटलं नाही.

"चला," ती कागदाची गुंडाळी करत म्हणाली. "साहेबांना दाखवू."

साहेब निमंत्रणपत्रिकांच्या ढिगाऱ्यात बुडाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागदाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा पाकिटांवर पत्ते लिहायला लागले.

"काका, दगड दाईचा नाही. ताई लिहिलंय," प्रोफेसर म्हणाला.

"बरं."

"म्हणजे कोणाची तरी बहीण आहे ती."

"अरे बाळा, दाई काय आणि ताई काय, एका दांडीचा फरक. भांडी घासणाऱ्या बाईलासुद्धा आपण ताईच म्हणतो की. असेल कोणी नोकरमाणूस."

"पण कोण ते शोधायला नको?" पेन्सिलनं विचारलं.

"शनिवारी पाहुणे येणारेत तीनशे. आधी त्यांना बसवायला खुर्च्या शोधू दे मला." साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्या आठवड्यात त्यांना खुर्च्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. "जा, गाईडकाकांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं."

गाईडकाकांना खरोखरच सगळं ठाऊक असायचं. ठाऊक नसेल ते त्यांना तिथल्या तिथे सुचायचं. उघडायच्या आधीच नव्या दालनात ते दहा-बारा खास पाहुण्यांसमोर रंगात आले होते. दालनाच्या दारावर पाटी होती, ‘थोरल्या राजकन्येचे दालन’. तिघं मागे जाऊन उभे राहिले.

"तर मंडळी, थोरली हे नाव नाही बरं का. हा किताब आहे, किताब! पूर्वी राजाच्या मुलींना कसलाच मान नसे. अमक्या राजाची लेक, पुढे तमक्याची राणी, संपलं. मग एक राणी परमुलखातून आली. तिच्या माहेरी थोरल्या लेकीला दरबारात बसायला खुर्ची असे. इथे पाहते तर मुलगे खुर्चीत आणि मुली पडद्यामागे. तिनं राजाच्या मागे भुणभुण लावली. सात वर्षांनी राजा वैतागला आणि म्हणाला, बरं, घ्या. तेव्हापासून राजाच्या पहिल्या मुलीचा किताब ‘थोरली राजकन्या’. मुलाला गादी मिळाली, मुलीला एक शब्द!"

पाहुणे हसले.

"या शेवटच्या राजाला तिघी मुली. थोरली, मधली, धाकटी. दरबारी कागदात राजकन्यांची नावं लिहायची पद्धतच नव्हती, नुसते किताब. मधली बिचारी आठव्या वर्षी तापानं गेली, तेव्हा थोरली दहाची आणि धाकटी चारची. थोरली मात्र एकोणनव्वद वर्षं जगली. तिनंच मुलींची पहिली शाळा काढली. आणि ही पाहा तिची लहानपणची वही. या पानावरची अक्षरं उजवीकडे झुकलेली, त्या पानावरची डावीकडे. दोन्ही हातांनी लिहायची ती!"

"काका," प्रोफेसरनं हात वर केला. "मधली गेली याला पुरावा काय?"

"त्या वर्षानंतर कुठल्याच कागदात मधलीचा उल्लेख नाही. हाच पुरावा."

"आणि थोरलीला ताई होती का?" भोंग्यानं विचारलं. पाहुणे वळून बघायला लागले.

"थोरलीला ताई कुठून येणार, बेटा? थोरली म्हणजेच सगळ्यांत मोठी," गाईडकाका हसून म्हणाले आणि मंडळींना पुढच्या दालनात घेऊन गेले.

इथे घोडं अडलं. राजघराण्याच्या बागेत ‘ताई’ लिहिलेला दगड, आणि राजघराण्यात लहानपणी मेलेली मुलगी एकच, ती म्हणजे मधली. धाकटीनं मधलीला ताई म्हटलं असेल का? "पण धाकटी तेव्हा चार वर्षांची होती," प्रोफेसर म्हणाला. "चार वर्षांची मुलगी दगड कुठून बसवेल? भोंग्याला त्या वयात बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

"अजूनही येत नाही," भोंगा प्रामाणिकपणे म्हणाली.

मावशीची खोली राजवाड्याच्या उत्तरेला होती, कारण जुन्या कापडाला ऊन चालत नाही. लांबरुंद टेबल, त्यावर पांढरी चादर, एका पेल्यात मऊ कुंचले आणि एका पेल्यात अर्धगोल वाकलेल्या सुया. मावशी फाटलेलं कापड कधी कापत नसे. त्याच्याखाली बारीक जाळी धरायची आणि टाके असे घालायची की पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते सहज उसवता यावेत. आज टेबलावर लहान मुलीचे पाच झगे ओळीनं मांडले होते. शनिवारी ते नव्या दालनात जाणार होते.

"हात पाठीमागे," मावशी मान वर न करता म्हणाली. तिघांनी हात पाठीमागे बांधले.

पेन्सिल झग्यांकडे बघत होती. कॉलरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं एक इवलंसं अक्षर भरलेलं दिसत होतं. "मावशी, हे काय?"

"धुलाईघराची खूण. तिघींचे कपडे एकत्र धुवायला जायचे. मिसळू नयेत म्हणून थोरलीच्या कपड्यांवर ‘थो’, मधलीच्या ‘म’, धाकटीच्या ‘धा’. हे पाचही थोरलीचे." मावशीनं दिवा जवळ ओढला. "पण यांनी मला महिनाभर छळलंय. भिंगातून बघ. ‘थो’च्या खाली सुईची जुनी भोकं दिसतायत? तिथे आधी दुसरं अक्षर होतं."

पेन्सिलनं भिंग घेतलं. भोकं जोडत गेलं की अक्षर होत होतं. "म."

"हो. मला वाटतं काटकसर. मधली गेल्यावर तिचे कपडे थोरलीला दिले असतील."

पेन्सिलनं भिंग खाली ठेवलं. तिच्या अंगात निळा स्वेटर होता आणि त्याच्या बाह्या मनगटावर दोनदा दुमडलेल्या होत्या. तो ताईचा होता. त्याआधीचा हिरवाही ताईचाच होता, शाळेचा गणवेश, पावसाळी बूट, सगळं ताईकडून आलेलं. यावरून तिनं किती भांडणं केली होती. एकदा तर नवा फ्रॉक मिळावा म्हणून ताईचा मुद्दाम कात्रीनं कापला होता.

"असं नाही होत, मावशी," ती म्हणाली. "मोठीचे कपडे लहानीला येतात. लहानीचे मोठीला कसे होतील?"

मावशीनं सुई खाली ठेवली.

"मग कपडे कोणी कोणाला दिलेच नाहीत," पेन्सिल सावकाश म्हणाली. "झगा एकाच मुलीचा आहे. अक्षर बदललंय. आधी ती मधली होती. मग तिला थोरली केलं."

"म्हणजे..." प्रोफेसरचे डोळे विस्फारले. "म्हणजे मेली ती मधली नाहीच. थांब, थांब! दप्तरखान्यात ती राजघराण्यातल्या मानपानाचे नियम लिहिलेली वही आहे ना? मावशी तुझी... म्हणजे आई, तुझी किल्ली दे."

घाईत स्वतःच्या आईला मावशी म्हणणाऱ्या प्रोफेसरला एरवी भोंग्यानं आठवडाभर सोडलं नसतं, पण तीसुद्धा गप्प होती. दहा मिनिटांत तो एक जाड, पिवळी पडलेली वही छातीशी धरून परत आला आणि पान उघडून वाचू लागला.

"‘थोरली हा किताब एका वेळी एकीसच असावा. किताब रिकामा ठेवू नये. थोरली निवर्तल्यास महिन्याच्या आत तो पुढील बहिणीस द्यावा. तदनंतर निवर्तलेलीचा उल्लेख त्या किताबाने करू नये.’"

"मग कशानं करायचा?" भोंग्यानं विचारलं.

"काही लिहिलेलं नाही. नावं तर ते लिहितच नव्हते."

सगळं एका क्षणात लख्ख झालं. दहा वर्षांची थोरली तापानं गेली. महिन्याभरात आठ वर्षांच्या मधलीला थोरली करण्यात आलं. कागदातून ‘मधली’ नाहीशी झाली, म्हणून पुढच्या सगळ्यांनी मधलीच मेली असं धरलं. उजवीकडे झुकलेलं अक्षर एकीचं होतं आणि डावीकडे झुकलेलं दुसरीचं. एका काचेच्या पेटीत दोन मुली ठेवल्या होत्या आणि कोणालाही ते कळलं नव्हतं.

"अजून आहे," मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "ही भोकं बघितल्यावर मला वाटलं होतं, धुलाईघरातली बाई नवशिकी असेल. इथे बघ. लाल ‘म’ उसवला, त्यावर लाल ‘थो’ घातला, दोन्ही टाके सफाईदार. पण नंतर तो ‘थो’ कात्रीनं कापलाय, कापडालाही चीर गेलीय. आणि त्या जागी काळ्या दोऱ्यानं पुन्हा ‘म’. वेडेवाकडे टाके. मग पुन्हा सफाईदार ‘थो’. तोही कापलेला, आणि शेवटी पुन्हा ‘थो’. असं चार झग्यांवर आहे."

"काळा ‘म’ कोणी घातला?" प्रोफेसरनं विचारलं.

"तिनंच. मधलीनं," पेन्सिल म्हणाली.

तिला पुराव्याची गरज नव्हती. ताई गेल्यानंतर भेटायला आलेल्या एका आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, "आता तूच थोरली हं घरात." आत्या प्रेमानंच बोलली होती. पण पेन्सिल उठून न्हाणीघरात गेली होती, दाराला कडी लावून खाली बसली होती आणि दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती. कारण तिला ती जागा नको होती. ती जागा भरलेली होती. आणि बाबा तिला जन्मापासून शेंडेफळ म्हणायचे, तेही तेव्हापासून बंद झालं होतं. एकुलत्या एका मुलीला शेंडेफळ कसं म्हणणार? ताई गेली तेव्हा तिचं स्वतःचं नावही गेलं होतं, आणि हे ती आजवर कोणाला सांगू शकली नव्हती.

आता तिनं सांगितलं, तुटक तुटक, झग्यांकडे बघत. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. गेली होती ती तिचीही भाचीच होती.

शेवटच्या, पाचव्या झग्यावर ‘थो’ जागच्या जागी होता. कोणी कापला नव्हता. "थकली असेल," मावशी म्हणाली. मग तिनं झग्याची खालची दुमड अलगद उलटी केली. आत, जिथे धुलाईघरातलं कोणीही बघणार नाही अशा जागी, काळ्या दोऱ्याचा एक बारका ‘म’ होता. त्याच्या दांडीची शेपटी डावीकडे वळलेली होती, वहीतल्या डावीकडे झुकलेल्या अक्षरांसारखी.

भोंगा रडायला लागली. तीही आवाज न करता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"उद्या अकरा वाजता तो दगड उपटणार आहेत," पेन्सिल डोळे पुसत म्हणाली. "त्या गेलेल्या ताईकडे किताब उरला नव्हता. नाव कोणी लिहिलं नाही. एवढा एकच शब्द आहे तिचा."

"साहेब ऐकायचे नाहीत," मावशी म्हणाली. "शनिवार होईपर्यंत त्यांच्या डोक्यात खुर्च्या आहेत."

"मग त्यांना त्यांच्याच शब्दात पकडू," प्रोफेसर म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. राजवाड्याच्या प्रत्येक खोलीत साहेबांच्या सहीची एक सूचना लावलेली होती. ‘नोंद क्रमांक असलेली कोणतीही वस्तू माझ्या लेखी परवानगीशिवाय एक इंचही हलवू नये.’

"दगडाला नंबर नाही," भोंगा म्हणाली.

"उद्या सकाळी असेल. नवीन वस्तूची नोंद करायचा अधिकार आईला आहे. हो की नाही?"

मावशीनं मुलाकडे पाहिलं, मग सूचनेकडे, मग त्या पाच झग्यांकडे. "माझी कानउघाडणी होणार," ती म्हणाली आणि नोंदवही पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी अकराला माळीकाका पहार घेऊन आले तेव्हा दगडावर भोंगा बसलेली होती आणि दगडाला पांढऱ्या नाडीनं एक चिठ्ठी बांधलेली होती. माळीकाकांनी ती वाचली आणि पहार खाली ठेवली.

"क्रमांक आठशे चौदा," ते म्हणाले. "मी नाही हात लावायचा. मागे नंबरची खुर्ची नुसती पुसली तर दोन दिवस बोलणी खाल्ली."

साहेब तरातरा आले. मागोमाग गाईडकाका. "कोणी दिला हा नंबर?"

"मी," मावशी म्हणाली. "तुमच्याच नियमाप्रमाणे. आता परवानगी लिहून द्या आणि कारणही लिहा."

कारण म्हटल्यावर साहेब अडखळले. काय लिहिणार? दगड दाईचा? मुलांनी कागद पुढे धरला. दोन दांड्या, ताई. साहेबांनी या वेळी चष्मा डोळ्यांवर घेतला. ठरलं होतं असं की बोलायचं प्रोफेसरनं, पण आयत्या वेळी तो चाचरला आणि पेन्सिलच पुढे झाली.

"काका, पाच मिनिटं आत चला. झगे बघा. मग उपटायचा तर उपटा."

ते आत गेले. साहेबांनी भिंगातून एक कॉलर पाहिली, दुसरी पाहिली, तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबले. मानपानाच्या वहीतला नियम दोनदा वाचला. गाईडकाका शेवटच्या झग्याची उलटलेली दुमड बघत होते. एरवी त्यांच्या तोंडाला विश्रांती नसायची. ते खुर्चीत बसले, म्हणजे मावशीच्याच खुर्चीत, आणि म्हणाले, "पंधरा वर्षं. रोज चार वेळा मी भलतीलाच मारलं."

"पण दगड तिचाच कशावरून?" साहेब म्हणाले. आवाज मऊ झाला होता, पण ते अजून साहेबच होते. "ताई कोणाचीही असू शकते."

प्रोफेसर मानपानाच्या वहीची पानं पुन्हा चाळू लागला. इतकं सगळं करून शेवटी एवढ्याशासाठी तो दगड जाणार, असं पेन्सिलला वाटलं. तेवढ्यात खिडकीबाहेरून भोंग्याचा आवाज आला. ती दगड सोडून आत आलीच नव्हती.

"लवकर या! खाली अजून अक्षर आहे!"

माळीकाका रिकामं बसवत नाही म्हणून दगडाच्या पायथ्याचं गवत हातानं उपटत होते. तळाशी वीतभर माती साचलेली होती. ती त्यांनी बाजूला केली होती आणि ओल्या दगडावर एक लहानसं अक्षर दिसत होतं. ते कारागिराच्या छिन्नीचं नव्हतं. कोणीतरी टोकदार वस्तूनं, पुन्हा पुन्हा ओरखडून काढलेलं होतं. ‘म’. शेपटी डावीकडे वळलेली, झग्याच्या दुमडीतल्या ‘म’सारखीच.

साहेब गुडघ्यांवर बसले. नव्या पँटची त्यांना पर्वा राहिली नाही. त्यांनी ते अक्षर पाहिलं, मग खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीच्या मागे लिहिलं, ‘ही वस्तू हलवू नये. कधीही.’ आणि सही केली.

"तिकीटखिडकी फाटकापाशी घ्या," ते माळीकाकांना म्हणाले. मग पेन्सिलकडे वळले. "मी काल म्हटलं ना, एका दांडीचा फरक. चुकलो मी."

शनिवारी दालन उघडलं. दारावरच्या पाटीत एकच शब्द बदलला होता, ‘थोरल्या राजकन्यांचे दालन’. वहीची दोन पानं आता वेगवेगळ्या पेट्यांमध्ये होती. साहेबांनी भाषणात तिघांना पुढे बोलावलं आणि सांगितलं की आम्ही मोठी माणसं बावीस वर्षं ज्या दगडाशेजारून नुसते चालत गेलो तो या मुलांनी वाचला. तीनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रोफेसर लाजला. भोंगा अजिबात लाजली नाही. गाईडकाकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच एकही विनोद न करता दोघी बहिणींची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "किताब पुढच्या बहिणीला देता आला. ताई हा शब्द मात्र तिनं कोणाला देऊ दिला नाही."

सुट्टी संपली होती. आईबाबा पेन्सिलला न्यायला आले होते आणि मागच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ती त्यांना बागेत घेऊन गेली. आई दगडाजवळ बसली. बाबा उभे होते. मग त्यांनी वाकून त्या दोन अक्षरांवरून हात फिरवला, दोन्ही दांड्यांवरून, सावकाश. पेन्सिलनं त्यांना खालचा ‘म’ दाखवला आणि झग्यांचं सांगितलं. तिनं आत्याचंही सांगितलं. न्हाणीघराचंही. फ्रॉक कापला होता तेही सांगितलं.

"आम्हाला वाटलं, तुझ्यापुढे तिचं नाव काढलं तर तुला त्रास होईल," बाबा म्हणाले.

"मला वाटलं, तुम्हाला होईल."

वाकड्या झाडावरचे ते दोन कावळे परत आले होते. बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"छान शोधलंस," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "शाब्बास, शेंडेफळ."

आईनं चटकन वर पाहिलं. पेन्सिल बाबांना चिकटून उभी राहिली आणि निळ्या स्वेटरच्या बाह्या तिनं हातांवर ओढून घेतल्या. गाडीला अजून तास होता. ते तिघंही तिथेच, दगडाजवळ गवतावर बसले, आणि आईनं आपणहून ताईची एक लहानपणची गोष्ट सांगायला सुरुवात केली.